दुष्काळानं बांधलेले रस्ते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नोकरी संपेपर्यंत सायकलवरच शाळेत गेले. संयोजकांना एवढं निमित्त पुरलं आणि त्यांनी मला विषय दिला : बालाघाटातल्या निवांत वाटा आणि सायकल. पत्रिका वाचून एका मित्रानं विचारलं, "सर, बीडच्या रस्त्यांवर व्याख्यान देताय की गाऱ्हाणं मांडताय?" (हशा) गाऱ्हाणं मांडणार नाही. खड्ड्यांवर बोलायला निवडणुका आहेत. ज्या रस्त्यावरून तासाभरात दोन मोटारसायकली, एक शेळ्यांचा कळप आणि फार तर एक टेम्पो जातो, त्या रस्त्याबद्दल मला बोलायचं आहे. असे रस्ते आपल्या जिल्ह्यात किती आहेत याची आपल्याला कल्पनाच नाही. कारण आपण जातो हमरस्त्यानं, आणि तेही खिडकीची काच वर करून.

पुण्या-मुंबईचा सायकलवाला सुट्टी मिळाली की कोकणात जातो. समुद्राच्या कडेनं रेवसपासून खाली उतरत जाणं ही आता रुळलेली वाट आहे. नाशिकची मंडळी सायकलवर पंढरपूरची वारी करतात. बीडला कोण येतं? बीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ, कोयता आणि राजकारण एवढंच आठवतं. मी मात्र भूगोलाचा मास्तर आहे आणि सायकलवाला आहे. या दोन्ही नात्यांनी सांगतो, की चढउतार आहे, वर्दळ नाही आणि थोड्या थोड्या अंतरावर पाणी आणि चहा देणारं गाव आहे, असा मुलूख हवा असेल तर माणसानं आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर आणि आपली अंबाजोगाई इकडे यावं.

मला आज मुख्यतः तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हे रस्ते कुठं आहेत, ते कुणी बांधले, आणि ते रिकामे का आहेत. काय करावं ही चौथी. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली, तर चौथी आधी सांगेन.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या उत्तर शिवेवर गोदावरी. गेवराई, माजलगावचा तो काळ्या जमिनीचा सपाट पट्टा, जुन्या लोकांची गंगथडी. तिथून दक्षिणेला निघालं आणि बीड मागं टाकलं की समोर भिंत उभी राहते. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट, परळीहून आपल्याकडे चढणारा घाट, ही त्या एकाच भिंतीची दारं. भिंत चढून आलात की वर शिखर वगैरे काही नाही. माळ आहे, पठार आहे, मैलोन्मैल लाटांसारखं हलकं चढत-उतरत जाणारं. घाटात एकदा घाम गाळला की पुढचे दोन दिवस बालाघाट तुम्हाला फार छळत नाही.

फार छळत नाही, पण रस्ता निवडायला आला पाहिजे. इथं भूगोल लागतो. पाटोदा तालुका घ्या. सिंदफणा चिंचोलीच्या डोंगरात उगवते आणि उत्तरेला वळून मंजरथला गोदावरीला मिळते. मांजरा गवळवाडीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटरवर उगवते आणि पूर्वेची वाट धरते. धनेगावच्या धरणात साठते, लातूरची तहान भागवते, कर्नाटक-तेलंगण पाहून ती पण शेवटी गोदावरीतच. आणि विंचरणा? ती सौताड्याला रामेश्वराच्या दरीत उडी घेते आणि सीनेकडे जाते. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे या टापूतला पाऊस गोदावरी आणि कृष्णा अशा दोन खोऱ्यांत वाटला जातो. आमच्या पोरांना मी हे फळ्यावर शिकवत होतो तेव्हा त्यांना जांभया यायच्या. सायकलवर बसवून शिकवलं असतं, तर पाय दुखले की लक्षात राहिलं असतं.

कारण पाणी जिथं वाटलं जातं, ती धार हीच सायकलवाल्याची खरी वाट. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जाणारा रस्ता संथ असतो. तोच रस्ता नद्यांना आडवा छेदत निघाला, की प्रत्येक ओढ्याला उतार आणि ओढा ओलांडला की चढ. नकाशावर अंतर सारखंच दिसेल, मांड्यांना विचारा. आपल्या जुन्या गाडीवानांना हे ठाऊक होतं. बैलांची दया असणारा माणूस गाडी धारेवरूनच हाकायचा.

आणखी एक खूण सांगतो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, तिथून सायकल लवकरात लवकर बाहेर काढा. हिरवा असेल तर राज्य महामार्ग, जपून. आणि केशरी माथ्याचा दगड दिसला तर खुशाल शीळ घाला. ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची सडक आहे, तिच्यावर तुम्ही आणि शेळ्या.

आता वाट कुठून कुठं काढायची? ती आधीच काढलेली आहे. गर्भगिरीच्या डोंगरात नगर जिल्ह्याच्या हद्दीत मढीला कानिफनाथांची समाधी आहे. डोंगर ओलांडला की आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मच्छिंद्रनाथ, लोक त्याला मायंबा म्हणतात. तिथून पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथ गड. तीन नाथ एका डोंगररांगेत, आणि तिघांना जोडणारी पायवाट भाविकांनी शेकडो वर्षांत पायांनी मळवलेली. पुढं हद्दीवर भगवानगड, अलीकडं नारायणगड. हे तोफांचे गड नव्हेत, हे वारकऱ्यांचे आणि नाथपंथीयांचे गड. मला एक सांगा, रात्री आठ वाजता घामानं निथळणारा अनोळखी माणूस सायकल हातात धरून दारात उभा राहिला, तर कुठल्या हॉटेलात त्याला खोलीच्या भाड्याआधी "जेवलास का बाबा" असं विचारतात? गडावर विचारतात. युरोपात सायकलवाल्यांसाठी मुक्कामाच्या जागा उभारायला सरकारांना पैसा घालावा लागला. आपल्याकडे ही सोय भजनी मंडळींनी करून ठेवली आहे, आणि तिची नोंद कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नाही.

तीच गोष्ट पालख्यांची. पैठणहून एकनाथांची पालखी शिरूर आणि पाटोद्याकडून पंढरीला जाते. मुक्ताबाईंची बीड शहरातून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी आणि आपल्या अंबाजोगाईवरून जाते. दिंडीचे मुक्काम ठरवताना पाणी, सावली आणि माणसाची चाल या तिन्हीचा हिशेब झालेला असतो. म्हणून माझा साधा नियम आहे : पायी दिंडीचे दोन मुक्काम म्हणजे सायकलचा एक दिवस. नवख्या माणसाला यापेक्षा चांगलं वेळापत्रक कुणी देणार नाही. पालखीचा मूळ रस्ता आता बऱ्याच ठिकाणी रुंद महामार्ग झाला आहे. तेव्हा मुक्कामाची गावं तीच धरावीत, रस्ता मात्र शेजारचा घ्यावा.

आपल्या बाजूचं फार सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मुकुंदराजांच्या समाधीची दरी, बुट्टेनाथ, धारूरचा किल्ला. धारूरकडे दिवाळीच्या आसपास जावं. डोंगरउतारावर सीताफळं पिकलेली असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडाखाली बसून खाण्यासाठी मानांकनाची गरज नाही. पावसाळ्यात सौताडा आणि कपिलधारचा धबधबा. पौष-माघात हुरडा. आणि वाऱ्याचं एक ध्यानात ठेवा. आषाढ-श्रावणात बालाघाटावर पश्चिमेचा वारा असा सुटतो, की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. उगाच का तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या? त्या दिवसांत आष्टीकडून अंबाजोगाईकडे यावं, उलट जाऊ नये. तुम्हाला उलट जायचंच असेल तर जा, पण मग मला शिव्या देऊ नका. (हशा)

संकटं आहेत. पहिलं संकट काटा. सराट्याचा काटा, बाभळीचा काटा, वेड्या बाभळीचा काटा. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या गाडीतून ओढत नेतात, त्यातल्या निम्म्या रस्त्यावर सांडतात. पंप, सोल्युशन आणि जादा ट्यूब जवळ हवीच. टायरच्या आतून बोट फिरवून मोडका काटा चाचपून काढल्याखेरीज नवी ट्यूब घालू नये, नाहीतर तीही दहा मिनिटांत बसते. दुसरं संकट मेंढपाळांची कुत्री. ती आली की सायकलवरून उतरायचं, सायकल मधे धरायची आणि मालकाला हाक मारायची. तिसरं, अंधार. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, हे आपण विसरलेलो नाही. दिवस मावळायच्या आत गावात पोचायचं. ही भीती नव्हे, शिस्त आहे.

हे झालं रस्ते कुठं आहेत याचं. आता ते कुणी बांधले?

या सभागृहात सत्तरीच्या पुढची मंडळी बरीच दिसतात. तुम्हाला मी बहात्तरचा दुष्काळ सांगावा असं नाही. तरुणांसाठी सांगतो. १९७२ साली पावसानं दगा दिला, त्याआधीची वर्षंही बरी नव्हती. विहिरी आटल्या, कडबा संपला, गुरं कवडीमोलानं गेली. लोक जगले ते दुष्काळी कामांवर. मे १९७३ मध्ये एकट्या महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि रस्ते. रस्ते म्हणजे काय? डोंगरातून दगड काढायचा, हातोड्यानं फोडायचा, खडीचा चट्टा लावायचा, मोजणीदार येऊन ब्रासमध्ये मोजणार, तेव्हा हजेरी. बायका फोडत होत्या. बाभळीला झोळी बांधलेली, झोळीत लेकरू. दुपारी सुकडी. रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर जायची पद्धत नव्हती, तीही माणसं डोक्याला फडकं बांधून खडीवर बसली. दुष्काळानं त्या वर्षी जात आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी काही महिने खडीच्या ढिगाखाली दाबून टाकल्या होत्या.

त्या कामातूनच रोजगार हमीचा कायदा जन्माला आला. १९७७ साली विधिमंडळानं तो केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि पुढं साऱ्या देशानं तो कित्ता गिरवला. आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा. पण सायकलवाला म्हणून मला त्या रस्त्यांची आखणी फार महत्त्वाची वाटते.

रस्ता साधारणपणे कशासाठी बांधतात? कुठंतरी लवकर पोचण्यासाठी. माल कारखान्यात न्यायचा, फौज सरहद्दीवर न्यायची. अंबाजोगाई ही मोमिनाबाद होती तेव्हा इथं फौजेची छावणी होती, तिच्यासाठीही रस्ते झाले. दुष्काळी रस्त्यांना पोचायची घाईच नव्हती. तिथं पहिला प्रश्न असा होता, की काम मागणारी माणसं कोणत्या गावात आहेत? मग त्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत रस्ता. तिथून पुढच्या वस्तीपर्यंत, तांड्यापर्यंत. मोठ्या यंत्रांनी डोंगर कापायचा नव्हता, म्हणून रस्ता डोंगराला वळसा घालून गेला. ओढ्यावर पूल बांधायला पैसा नव्हता, म्हणून रस्ता ओढ्यात उतरला आणि फरशीवरून पार झाला. त्या काळी टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. हे रस्ते कुठंच जात नाहीत, नुसते खडीचे ढीग पडलेत, पुढच्या पावसात वाहून जातील, असं म्हणत. काही वाहूनही गेले. कितीतरी ठिकाणी खडीचे ढीग वर्षानुवर्षं तसेच पडून होते, आम्ही पोरं त्यांवर लपाछपी खेळलो.

पण २००० साली ग्रामसडक योजना आली आणि त्यातल्या अनेक रस्त्यांवर डांबर पडलं. ट्रकवाल्याला ते अजूनही नको आहेत. अरुंद, वळणावळणाचे, प्रत्येक गावात थांबणारे. ट्रकवाल्याला जे नको, नेमकं तेच सायकलवाल्याला हवं असतं. आज तुम्ही ज्या वळणावर सायकल टेकवून दरीचा फोटो काढता, ते वळण कुठल्या तरी बाईनं हातोडीनं, रोजंदारीवर, उपाशीपोटी फोडलेल्या खडीवर उभं आहे. त्या बाईचं नाव हजेरीपटावर होतं. आज हजेरीपटही नाही.

इंग्लंडचा एक दाखला देतो. १९७७ साली ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमी मंडळी एकत्र आली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ निघाले होते, त्या पट्टीवर त्यांनी ब्रिस्टल ते बाथ असा सायकलचा रस्ता केला. त्यातून पुढं त्या देशाचं सायकलमार्गांचं जाळं वाढलं. आणि ऐंशीच्या दशकात असे रस्ते बांधायला हात कुठले होते? बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतले. म्हणजे तिथंही तेच झालं. कुणाची नोकरी गेली म्हणून कुणाला सायकलचा रस्ता मिळाला. फरक एवढाच, की त्यांनी तो रस्ता मोजला, नकाशावर काढला, पाट्या लावल्या. आपण आपला रस्ता विसरून गेलो.

आता तिसरी गोष्ट. माझ्या मते आजची सगळ्यात महत्त्वाची हीच. हे रस्ते रिकामे का आहेत?

सायकलवर फिरायला उत्तम काळ कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा गार, आभाळ निळं, पिकं उभी. बाहेरून आलेला माणूस गावातून जातो, म्हणतो, काय शांतता आहे हो! फोटो टाकतो, खाली लिहितो, 'इथं वेळ थांबलाय.' अरे बाबा, वेळ थांबलेला नाही, गाव कामाला गेलंय. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे आपल्या बोलीत कोयते, ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये संसार भरून ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, पार कर्नाटकात. गावात राहतं कोण? म्हातारा, म्हातारी, हंगामी वसतिगृहातली लेकरं आणि दाराला कुलूप. तुम्हाला जो निवांतपणा दिसतो, त्यातला काही भाग निसर्गाचा, पण मोठा भाग स्थलांतराचा आहे. हे ठाऊक नसेल तर त्या रस्त्यावरून सायकल चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या घरात शिरून हवेशीर खोली म्हणून कौतुक करण्यासारखं आहे.

मग काय, सायकलच नेऊ नये? तसं मी म्हणत नाही. पण पर्यटनानं बीडचं स्थलांतर थांबेल असली भाषणं मी करणार नाही. दहा सायकलवाल्यांनी पिठलं-भाकरी खाऊन एकाही कोयत्याची उचल फिटत नाही. उचल कशानं फिटते तो प्रश्न पाण्याचा, पिकाचा आणि मजुरीच्या दराचा आहे, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यासाठी माझ्यापेक्षा जाणकार माणसं या जिल्ह्यात आहेत. मी एवढंच म्हणतो, की मागं राहिलेल्या म्हातारीच्या हातची भाकरी खायची असेल, तर तिला मान देऊन आणि रोख पैसे देऊन खा. "मावशी, असू द्या हो, पाहुणा आहे मी" असं म्हणून फुकट खाऊ नका. ती पैसे नको म्हणेलच. तरी द्या.

आणि आता रिकाम्या रस्त्याची दुसरी बाजू. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. बालाघाटातला खरा सायकलवाला कोण? पुण्याहून आलेला, हेल्मेट घातलेला, गुडघ्याला पट्टी बांधलेला हौशी माणूस? की वाडीवरून हायस्कूलला जाणारी नववीतली पोर? ती रोज जाते, दप्तर घेऊन, कधी मागं धाकट्या बहिणीला बसवून. ती कुठल्याही नकाशात नाही. मी त्याच रस्त्याला निवांत म्हणतो, तिची आई त्याला सुनसान म्हणते. मी म्हणतो, वा, चिटपाखरू नाही. आई म्हणते, बाई गं, चिटपाखरू नाही! आणि पोरीला एकटीला पाठवत नाही. सायकल ओसरीत उभी राहते, टायर सडतो, चेन गंजते, आणि वर्षभरानं पोरीचं लग्न ठरतं. कारणं अनेक असतात हे मलाही कळतं, पण त्यांत रस्ताही एक असतो.

तेव्हा बालाघाटात सायकलचा मार्ग करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर मला या पोरीकडून मिळालं. रस्त्यावर वाहनं नकोत, माणसं हवीत. फाट्यावर चहाची टपरी उघडी हवी. पंक्चर काढणारा हवा. चार लोक येता-जाता दिसले पाहिजेत. बाहेरगावचे सायकलवाले रोज त्या रस्त्यानं जाऊ लागले, त्यांत बायका-मुलीही असल्या, तर त्या पोरीची आई कदाचित म्हणेल, जा, रस्त्यानं माणसं असतात. सायकल पर्यटनाचा याहून मोठा फायदा मला सुचत नाही. महसूल वगैरे ठीक आहे.

अध्यक्षमहाराज, चौथी गोष्ट थोडक्यात. घड्याळ मीही पाहतोय.

बेल्जियममध्ये लिम्बुर्ख नावाचा प्रांत आहे. कोळशाच्या खाणींचा प्रदेश. तिथली शेवटची खाण १९९२ साली बंद झाली, हजारो लोकांचं काम गेलं. ह्यूगो बोलेन नावाच्या एका खाण अभियंत्यानं त्या भागात एक साधी युक्ती काढली. नवे रस्ते बांधायचे नाहीत. जे आडरस्ते आहेत, ते जिथं एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक आकडा द्यायचा. पाटीवर पुढच्या आकड्याकडे बाण. बस्स! सायकलवाला घरून निघताना कागदावर आकडे लिहून घेतो : १२, १७, ४, २३. वाट चुकायचं कारणच नाही. १९९५ साली हे सुरू झालं आणि पुढं सारं फ्लँडर्स आणि हॉलंड या आकड्यांनी भरून गेलं.

आपल्याकडे पाटी लावायला जागा शोधावी लागणार नाही. दर दोन-चार किलोमीटरला फाटा आहे, फाट्याला नाव आहे, बहुतेक फाट्यांना पिंपळ किंवा लिंब आहे आणि त्याखाली पार आहे. तिथं फक्त आकडा रंगवायचा आहे. मोबाइलला रेंज नसली तरी आकडा दिसतो. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत, म्हणजे दिल्लीला जायला नको. रंग, पत्रा, दोन मजूर. हायस्कूलची पोरं एका रविवारी एका तालुक्याचं काम करतील. त्यांच्या भूगोलाच्या मास्तरांनी फक्त आकडे चुकवू नयेत.

आणि एक काम करायचं नाही. रुंदीकरण. जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, चांगलंच झालं. रुग्णवाहिका वेळेवर पोचते, मीही एसटीनं त्याच रस्त्यानं आज आलो. त्या रस्त्याचं काम वेग आहे. पण एक रस्ता रुंद झाला म्हणून शेजारचे सगळेच रुंद करायचे ही आपली खोड आहे. गावच्या रस्त्याला रुंदी दिली की पहिली कुऱ्हाड चिंचांवर आणि लिंबांवर पडते, आणि मग त्या रस्त्यानं टोल चुकवायला ट्रक येतात. दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, वर स्पीकरचा कहर. सायकल गेली म्हणून समजा. २०२० साली बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरवणारा हा जिल्हा आहे. माळावर झाडं लावायची आणि रस्त्याकडेची तोडायची, यात ताळमेळ कुठं आहे? गावच्या रस्त्याला रुंदी देऊ नका. साइडपट्टीवरचे काटे काढा, ओढ्यावरची फरशी नीट करा, गावात शिरताना गतिरोधक घाला.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीड-नगर आगगाडी सुरू झाली. किती पिढ्यांनी तिची वाट पाहिली! आता त्या गाडीत सायकल चढवू द्यावी, एवढी मागणी आपण रेल्वेकडे करू या. माणूस आष्टीला उतरेल, मायंबाला जाईल, गहिनीनाथ गडावर मुक्काम करेल, पाटोद्याच्या माळावरून धार धरून आपल्याकडे येईल, आणि परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन परतीची गाडी पकडेल. असा एक मार्ग आधी आखावा. बाकीचे मागून.

हे कुणी करायचं? सरकारी योजनेची वाट पाहू नका. सुरुवातीला ज्या गावांतून हा मार्ग जाईल, त्यांच्या ग्रामसभांचा ठराव लागेल. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. ठरावाचा मसुदा एका पानाचा आहे. त्यात तीन कलमं आहेत : फाट्याला आकडा द्यायचा, रस्त्याकडेची झाडं तोडायची नाहीत, आणि गावात पंक्चर काढणाऱ्या एका माणसाला ग्रामपंचायतीच्या गाळ्यात जागा द्यायची. प्रती मी बाहेर दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आकड्यांच्या जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या आहेत. कुठल्या फाट्याला कोणता आकडा द्यायचा हे ज्या त्या गावानं शेजारच्या गावाशी बसून ठरवावं. दोन गावांनी एकच आकडा घेतला तर भांडण माझ्याकडे आणा.